स्पूल टेपरेकॉर्डरमधील फेल्टच्या गाद्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरच्या देखभालीवर दिलेल्या टिपणात ‘हेडसमोरची फेल्टची गादी निबर झाली असल्यास बदलावी’ एवढे एकच वाक्य होते. (हेड म्हणजे टेपवर ध्वनी उतरवणारा आणि वाचणारा भाग; फेल्ट म्हणजे न विणता, दाबून केलेले जाड कापड.) बहुतेक पत्रे नेमकी त्या वाक्याविषयी आली. ती बदलायची कशी, फेल्ट आणायचा कोठून आणि बदलूनही आवाज सुधारत नसेल तर काय करायचे, असे प्रश्न त्यांत आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांचा, बीएसआर कंपनीचा डेक (टेप फिरवणारी यंत्रणा) असलेला ब्रिटिश बनावटीचा टेपरेकॉर्डर आहे. १९६०च्या दशकात गणेशोत्सवात झालेल्या गाण्याच्या बैठका त्यांनी त्यावर मुद्रित केल्या होत्या. मशीन चालते, पण आवाज तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा येतो. गादी मागून काडीने हलकेच दाबली की आवाज एकदम मोकळा होतो. गादी काळी पडून कडक झालेली दिसते. ती घरच्या घरी बदलता येईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : बदलता येईल. काडीने दाबून पाहण्याची जी परीक्षा आपण केली, ती या दोषाची सर्वांत सोपी आणि खात्रीची परीक्षा आहे. दाबल्यावर आवाज मोकळा होत असेल तर दोष गादीकडे आहे. दाबूनही फरक पडत नसेल, तर गादीला हात लावण्याआधी हेड मळले आहे का, झिजले आहे का, किंवा हेडची फट टेपच्या धावेशी काटकोनात राहिली आहे का, हे पाहावे लागते.

गादीचे काम आधी नीट लक्षात घेऊ. टेपवरचा ध्वनी हेडच्या अतिशय बारीक फटीतून वाचला जातो आणि त्यासाठी टेपवरचा चुंबकीय लेप हेडला अगदी लागून सरकावा लागतो. व्यावसायिक मशीनमध्ये दोन्ही स्पुलांना स्वतंत्र मोटर असते आणि त्या मोटरींनी धरलेला ताणच टेपला हेडवर टेकवून ठेवतो. घरगुती मशीनमध्ये बहुधा एकाच मोटरीवर सारा कारभार चालत असल्यामुळे तो ताण पुरेसा आणि एकसारखा राहत नाही. म्हणून स्प्रिंगच्या हातावर बसवलेली फेल्टची गादी टेपला मागून आधार देते. टेप आणि हेड यांच्यात अंतर पडले की किती नुकसान होते, याचे गणित बेल प्रयोगशाळेतील आर. एल. वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडले. त्यानुसार टेपवरील एका तरंगलांबीइतके अंतर पडले की सुमारे ५५ डेसिबल घट होते आणि अंतर त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात कमी घट होते. आपले मशीन सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, या वेगाने चालत असेल, तर १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट टेपवर केवळ साडेनऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागेत मावते. तेथे एका मायक्रॉनचे अंतर पडले तरी पावणेसहा डेसिबलच्या आसपास घट होते, म्हणजे हेडमधून निघणारा संकेत जवळजवळ निम्म्यावर येतो. तेवढ्याच अंतराने १,००० हर्ट्झला मात्र जेमतेम अर्ध्या डेसिबलची घट होते आणि ती कानाला कळतही नाही. त्यामुळेच गादी बिघडलेल्या मशीनवर गायकाचा आवाज ऐकू येतो, पण तंबोऱ्याची जवारी नाहीशी होते, तबल्याची चाट बोथट होते आणि शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बैठक मुद्रित झाली तेव्हाच गादी खराब असेल, तर ती उणीव टेपवरच उतरलेली असते आणि आज कितीही उत्तम गादी बसवली तरी भरून निघत नाही. आपल्या बाबतीत काडीने दाबल्यावर आवाज मोकळा होतो, म्हणजे तीव्र स्वर टेपवर शाबूत आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्लग भिंतीतून काढून ठेवावा. व्हॉल्व्हच्या मशीनमधील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ विद्युत्भार धरून ठेवतात, म्हणून खालचा सांगाडा उघडू नये. या कामासाठी तो उघडण्याची गरजही नाही, कारण हेडवरचे झाकण काढले की गाद्या समोर दिसतात. बहुतेक डेकमध्ये एक गादी मुद्रण-वादनाच्या हेडसमोर आणि दुसरी पुसणाऱ्या हेडसमोर असते. जुनी गादी काढण्याआधी मोबाइलवर जवळून छायाचित्र घ्यावे आणि गादीची लांबी, रुंदी व जाडी मोजून लिहून ठेवावी. जाडी मोजताना मधला भाग टेपने घासून खाली गेलेला असतो हे लक्षात घ्यावे, आणि टेपचा स्पर्श न झालेल्या कडेपाशीच माप घ्यावे. पुष्कळ जण दबलेल्या भागाची जाडी मोजतात आणि मग नवी गादी मुळातच पातळ बसते.

जुना सरस किंवा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापसाच्या काडीने मऊ करावा. तो नुसत्या कोमट पाण्यानेही सुटत असेल तर उत्तमच. राहिलेले पापुद्रे बांबूच्या चपट्या काडीने खरवडून काढावेत. स्क्रू-ड्रायव्हर किंवा लोखंडी चिमटा हेडच्या आसपास मुळीच वापरू नये. त्याने हेडवर ओरखडा पडतो आणि चुंबकत्व आलेले हत्यार असेल तर हेडही चुंबकीत होते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गादीचा हात वाकवू नये. तो हात मुळात ज्या कोनात बसवलेला आहे, त्यावरच गादी हेडला सपाट टेकते की एका कडेने, हे ठरते.

नवा तुकडा कापताना कात्री वापरू नये. कात्रीने फेल्ट चेपतो आणि कडेला तंतू सुटतात. तेच तंतू पुढे हेडच्या फटीवर जाऊन बसतात. नवे ब्लेड आणि पोलादी पट्टी घेऊन एका दमात कापावे. रुंदी जुन्या गादीइतकीच ठेवावी. टेपची रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३ मिलिमीटर, असते. गादी त्यापेक्षा बरीच रुंद झाली तर तिची कड टेपच्या बाहेर थेट हेडवर घासत राहते. चिकटवण्यासाठी फेव्हिबॉन्डसारखा, दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटवणारा रबरी गोंद घ्यावा. तो फक्त धातूच्या पत्र्यावर अगदी पातळ लावावा, हाताला चिकट लागेपर्यंत थांबावे आणि मग फेल्ट ठेवून हलकेच दाबावा. गोंद फेल्टमध्ये वर चढला की तेथे तो दगडासारखा होतो आणि नवी गादी जुनीइतकीच निरुपयोगी ठरते. याच कारणासाठी फेव्हिक्विकसारखा क्षणात चिकटणारा गोंद येथे वर्ज्य समजावा. तो फेल्ट शोषून घेतो आणि त्याची वाफ आसपासच्या भागांवर पांढरी साय धरते. गोंद लावल्यावर एक पूर्ण दिवस मशीन बंद ठेवावे. गोंदातील द्रावक उडून न जाता टेपला लागले, तर टेपचा लेप मऊ पडतो.

दाब किती असावा, हा सर्वांत नाजूक भाग आहे. आवाज अजून मोकळा व्हावा म्हणून स्प्रिंग ताणून दाब वाढवण्याचा मोह होतो, आणि अनेक कारागीर तसे करूनही देतात. त्यांचे काम पहिल्या दिवशी छान वाटते. पण जास्त दाबाने हेडमध्ये खाच पडते, टेपचा लेप खरवडला जातो आणि मोटरीवर ओझे येऊन स्वर थरथरू लागतो. गादी मऊ आणि समतल असेल तर अगदी थोडा दाब पुरतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये दाबाचा आकडा असेल तर तोच पाळावा. नसेल तर पातळ कागदाची टेपइतकी रुंद पट्टी गादी आणि हेड यांच्यामध्ये सरकवून ती हलक्या हाताने ओढून पाहावी. पट्टी किंचित अडत, पण सलगपणे बाहेर यायला हवी. ती अडकत किंवा फाटत असेल तर दाब जास्त आहे. ती वाकडी फिरत असेल तर गादी एका कडेने दाबत आहे. चार पट्ट्यांच्या मुद्रणात एकेका पट्टीची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर असते. तेथे कड थोडी जरी उचलली तरी बाहेरच्या पट्टीचा आवाज मधूनमधून नाहीसा होतो.

हे सारे झाल्यावर हेड, कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारा फिरता दांडा) आणि धातूचे मार्गदर्शक खिळे अल्कोहोलने पुसून घ्यावेत आणि प्रथम एखादी बिनमहत्त्वाची टेप चालवावी. ती संपल्यावर हेडवर तंतू किंवा तपकिरी पूड साठली आहे का ते पाहावे आणि मगच आजोबांची टेप लावावी. कॅसेटला मुद्रण रोखण्यासाठी मागे पाकळी असते, तशी कोणतीही सोय स्पुलाला नाही. मुद्रणाची कळ चुकून दाबली गेली तर पुसणारे हेड आपले काम चोख करते, म्हणून ती कळ चिकटपट्टीने बंद करून ठेवणे शहाणपणाचे आहे. आणि टेप नीट वाजली, की त्याच वेळी तिचे संगणकावर मुद्रण करून घ्यावे. ध्वनिसंग्रहालयांत २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ हे प्रमाण सर्रास वापरले जाते. घरीही ते सहज जमते.

प्रश्न : आमच्या भागात असा फेल्ट कोठेच मिळत नाही. हस्तकलेच्या दुकानातील रंगीत फेल्ट, जुन्या कोटाचे कापड किंवा घोंगडीचा तुकडा चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : यांपैकी काहीच चालणार नाही. घोंगडी विणलेली असते, म्हणून तिच्यात उभ्या-आडव्या धाग्यांचे उंचवटे असतात आणि दाब ठिपक्या-ठिपक्यांनी पडतो. शिवाय तिची लोकर जाड आणि राठ असून तिच्यात बारीक धूळ मुरलेली असते. कोटाच्या कापडालाही विणीचा दोष लागतोच. हस्तकलेचा रंगीत फेल्ट बहुधा लोकरीचा नसून पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचा असतो. त्याचे तंतू लवकर चपटे होऊन गुळगुळीत बनतात आणि त्यावर स्थिर विद्युत् साठून धूळ ओढली जाते.

गादीसाठी लागतो तो घट्ट दाबलेला, न विणलेला, शुद्ध लोकरीचा फेल्ट. पुष्कळ मशीनमध्ये त्याची जाडी दोन ते तीन मिलिमीटर असते, पण आपल्या जुन्या गादीचे माप हेच प्रमाण मानावे. तो मिळवण्याचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणारे कारागीर. पेटीच्या पट्ट्यांखाली आवाज होऊ नये म्हणून ते फेल्ट वापरतात आणि त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे असतात. मिरजेला वाद्यांची इतकी जुनी पेठ आहे आणि ती आपल्यापासून दूर नाही. तेथे चौकशी अवश्य करावी. पियानो दुरुस्त करणाऱ्यांकडचा फेल्टही चांगला असतो, फक्त तो बऱ्याचदा जाड असतो आणि त्याचे थर ब्लेडने आडवे कापून पातळ करावे लागतात. हे काम वाटते तितके सोपे नाही, म्हणून शक्यतो योग्य जाडीचाच घ्यावा.

दुकानदार ‘प्युअर वूल’ म्हणाला तरी खात्री करून घ्यावी. कडेचे चार-दोन तंतू चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यावेत. लोकर ज्योतीपासून मागे हटत कुरळी होते, तिला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी बोटांत चुरडली की तिची पूड होते. कृत्रिम तंतू वितळतो, त्याचा टणक मणी बनतो आणि तो चुरडत नाही. दुसरी परीक्षा बोटाची : तुकडा अंगठ्याने दाबून सोडला की तो लगेच मूळ जाडीवर आला पाहिजे.

उरलेला फेल्ट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण लोकर असल्यामुळे त्याला कसर लागते. जुन्या मशीनमधील गादी झिजलेली नसून कुरतडलेली निघते, ती याच कारणाने. मात्र डांबराच्या गोळ्या टेपच्या कपाटात ठेवू नयेत; त्यांच्या वाफेचा काही प्लॅस्टिकवर वाईट परिणाम होतो.

प्रश्न : माझ्या काकांनी अमेरिकेतून आणलेल्या वोलेन्सॅक टी-१५०० टेपरेकॉर्डरच्या गाद्या एका कारागिराकडून बदलून घेतल्या. आता आवाज स्वच्छ आहे, पण काकांनी तिकडे मुद्रित केलेल्या सगळ्या टेप संथ आणि जड आवाजात वाजतात. गाद्या घट्ट बसल्यामुळे मोटर मंदावली, असे कारागीर म्हणतात. मशीन ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : गाद्यांना दोष देण्याआधी विजेकडे पाहावे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झची. आपल्या मशीनमधील एसी मोटरीची गती त्या वारंवारतेला बांधलेली आहे, म्हणून येथे ती मूळ गतीच्या पाच-षष्ठांश वेगाने फिरते. एका तासाचे मुद्रण संपायला एक तास बारा मिनिटे लागतात आणि स्वर तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली येतो. काळी चारमध्ये गाणारी व्यक्ती पांढरी चारच्याही जरा खाली गात आहे, असे ऐकू येते. हेच मशीन भारतात आल्यावर त्यावर काही मुद्रित केले असेल, तर ते मात्र येथे बरोबर वाजेल. तशी एखादी टेप घरात असेल तर ती लावून पाहावी.

गाद्या घट्ट आहेत की नाहीत, हे मोजूनही ठरवता येते. टाकाऊ टेपच्या मागच्या बाजूवर ७५ इंच, म्हणजे १९०.५ सेंटिमीटर, अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि साडेसात इंचाच्या वेगावर त्या हेडसमोरून जायला किती वेळ लागतो ते पाहावे. वेग अचूक असेल तर दहा सेकंद लागतील. बारा सेकंद लागले तर ती केवळ ५० हर्ट्झची करामत आहे. त्याहून अधिक लागले, किंवा स्पुलाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगवेगळा वेळ लागला, तर मात्र कोठेतरी घर्षण आहे. अशा वेळी गादीचा हात काडीने टेपपासून थोडा दूर धरून पुन्हा मोजावे. वेग लगेच सुधारला तर कारागिरांचे म्हणणे खरे.

उपाय दोन आहेत. कॅप्स्टनला किंवा मोटरीच्या पुलीला मोठ्या व्यासाची बाही बसवून वेग सहा-पंचमांशाने वाढवता येतो, पण ती बाही लेथवर अत्यंत अचूक करून घ्यावी लागते. ती जराही उत्केंद्री झाली तर स्वर सतत हेलकावे खातो. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे : टेप आहे त्या वेगाने संगणकावर उतरवून घ्यावी आणि संगणकात वेग व स्वर दोन्ही एकत्र १.२ पट करावेत. वाजवताना मशीनची स्वरसुधारणा (इक्वलायझेशन, म्हणजे तीव्र-मंद्र स्वरांचा तोल राखणारी योजना) थोडी सरकलेली असते, म्हणून नंतर तीव्र-मंद्र स्वरांचा तोल कानाने जुळवून घ्यावा लागेल. आणखी एक दक्षता म्हणजे, तेवढ्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झला ही मोटर जास्त प्रवाह ओढते आणि जास्त तापते. म्हणून प्रत्येक स्पुलानंतर मशीनला विश्रांती द्यावी.

प्रश्न : वडिलांनी मुद्रित केलेल्या भजनांच्या टेप आहेत. गाद्या नव्या बसवल्या, तरी काही टेप लावल्यावर मशीन अक्षरशः किंचाळते आणि आवाज थरथरतो. काही स्पुलांवर पांढरी बुरशीही दिसते. गादीला थोडे सिलिकॉन तेल लावावे, असा सल्ला मिळाला. — एक वाचक, मडगाव

उत्तर : तेल कृपया लावू नका. ते गादीतून टेपवर, टेपवरून कॅप्स्टन आणि रबर रोलरवर जाते, आणि रोलर घसरू लागला की वेग जातोच. शिवाय तेल लागलेली टेप पुन्हा स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य असते.

किंचाळणे म्हणजे टेप कशाला तरी क्षणभर चिकटते, सुटते आणि पुन्हा चिकटते, हे सेकंदाला शेकडो वेळा घडत असते. जुन्या, गुळगुळीत झालेल्या गादीने ते होते, पण आपण गाद्या बदलल्या आहेत आणि किंचाळणे ‘काही’ टेपवरच होते, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे दोष त्या टेपचा. चांगल्या स्थितीतील एखादी टेप शांतपणे वाजत असेल, तर मशीनला आणखी हात लावण्याचे कारण नाही.

आता टेप कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. स्पूल बाजूने उजेडासमोर धरल्यावर टेपच्या गुंडाळीतून उजेड आरपार झिरपत असेल, तर ती ॲसिटेटची असण्याची शक्यता मोठी आहे. पॉलिएस्टरची गुंडाळी बहुधा काळीकुट्ट दिसते. ॲसिटेट ओढल्यावर न ताणता कटकन तुटते आणि खराब होऊ लागली की तिला शिरक्याचा वास येतो. पॉलिएस्टर तुटण्याआधी बरीच ताणली जाते. टेपच्या टोकाच्या कोऱ्या भागावर ही परीक्षा करता येते. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ते १९८०च्या दशकापर्यंतच्या, मागच्या बाजूला काळा लेप असलेल्या काही पॉलिएस्टर टेपमधील बंधक द्रव्य दमट हवेतील पाणी शोषून चिकट होते. आपल्याकडच्या हवेत तर हा धोका अधिकच. अशा टेप सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियस इतक्या नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरत्या वाजण्याजोग्या करतात, पण हे काम प्रयोगशाळेतील उपकरणाने आणि अनुभवी माणसाने करायचे आहे. स्वयंपाकघरातील ओव्हनचे तापमान तेवढे स्थिर राहत नाही. ॲसिटेटच्या टेपला तर ही उष्णता कधीच देऊ नये, ती त्याने कायमची बिघडते.

बुरशी असलेले स्पूल मात्र सध्या मशीनवर मुळीच लावू नका. नव्या गादीवर बुरशी बसली की तीच गादी पुढच्या प्रत्येक टेपला ती पोचवत राहते. ती स्पुले बाकीच्या टेपपासून वेगळी करून कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवावीत, म्हणजे बुरशी सुकून तिची वाढ थांबते. त्यानंतर नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने ती स्पुलाच्या बाजूंवरून हलकेच झटकावी. दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. साफ केलेली टेप वाजवून झाल्यावर त्या गाद्या पुन्हा बदलाव्यात. फेल्टचा खर्च नगण्य आहे.

प्रश्न : माझ्याकडे रेव्हॉक्स ए-७७ आहे. त्यात गादी दिसतच नाही. कोणी काढून टाकली असेल का? आणि अकाईच्या जुन्या मशीनमध्ये हेडसमोर फिरत्या हातावर काहीतरी आहे, पण त्यावर फेल्ट नाही. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रेव्हॉक्स ए-७७ मध्ये तीन मोटरी आहेत, स्पुलांच्या मोटरी टेपचा ताण सांभाळतात आणि हेडसमोर गादी मुळातच नाही. ती आपल्या मनाने बसवू नये. अकाईच्या काही मशीनमध्ये मुद्रणाच्या हेडसमोर, टेपच्या दुसऱ्या बाजूला, ‘क्रॉस-फील्ड’ पद्धतीचे आणखी एक हेड असते आणि ते मुद्रण करताना पुढे येते. तेथे फेल्ट चिकटवला तर हेड झाकले जाऊन मुद्रण बिघडेल.

प्रश्न : गाद्या बदलल्यावर आवाज छान झाला, पण टेप रबर रोलरमधून बाहेर आली की उजवे स्पूल ती गुंडाळत नाही. टेप सैल पडून रोलरभोवती अडकते. त्या स्पुलाखालीही फेल्टची चकती आहे, तीही बदलावी का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी साफ करून पाहावी, मग बदलावी. स्पुलाखालची ती चकती म्हणजे क्लच आहे आणि तिचे काम हेडसमोरच्या गादीच्या अगदी उलट आहे. गादीवरून टेप निसटत गेली पाहिजे. चकतीने मात्र थोडे घसरत, थोडे धरत स्पूल फिरवायचे असते. टेप साठत जाते तसा गुंडाळीचा व्यास वाढतो आणि तेवढाच ताण राखायला अधिक जोर लागतो. हे अनेक मशीनमध्ये फार सुंदर रीतीने साधलेले आहे : साठलेल्या टेपच्या वजनानेच चकतीवरचा दाब वाढतो आणि जोरही त्या प्रमाणात वाढतो. म्हणून अशी मशीन आडवी, सपाट जागीच चालवावी लागतात. उभी केली की क्लच धरत नाही, आणि आपण मशीन उभे ठेवत असाल तर तेच कारण असू शकेल.

स्पुलाची बैठक वर उचलून घेतली की चकती दिसेल. खालच्या वॉशरचा क्रम लिहून ठेवावा, तो चुकला तर स्पुलाची उंची बदलते आणि टेप त्याच्या कडांना घासते. फेल्ट नुसताच गुळगुळीत झाला असेल तर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने त्याचे तंतू उभे करावेत आणि ज्या चकतीवर तो घासतो ती अल्कोहोलने पुसावी. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. कोणी कधी काळी ‘मशीन हलके फिरावे’ म्हणून तेथे तेल सोडले असेल आणि फेल्ट आतपर्यंत तेलकट झाला असेल, तर मात्र तो बदलावाच लागतो. नवी चकती त्याच जाडीची आणि व्यासाची घ्यावी आणि जुनी ज्या बाजूला चिकटवलेली होती त्याच बाजूला चिकटवावी. दोन्ही बाजूंना गोंद लागला तर क्लच घसरणारच नाही आणि टेप ताणली जाईल. बसवून झाल्यावर भरलेले स्पूल डावीकडे आणि रिकामे उजवीकडे लावून सुरुवातीला आणि नंतर शेवटाजवळ टेप थांबवून पुन्हा चालू करावी. दोन्ही वेळा उजवे स्पूल टेपला झटका न देता लगेच सैलपणा ओढून घेत असेल, तर क्लच बरोबर बसला आहे.